पडद्यावरची भीती आणि दारातलं पाणी



आज एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाकडे बघू. भुताखेतांचे, भीतीचे सिनेमे बघितल्यानं, खरं संकट समोर आल्यावर माणूस वेगळा वागतो का?

याची दोन उत्तरं घरोघरी तयार असतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, असलं काही बघू नका, मन कच्चं होतं, रात्री दचकून उठाल. पोरं म्हणतात, उलट सवय होते, मन घट्ट होतं. दोन्ही बाजू हिरिरीनं बोलतात. पण गंमत बघा, एका गोष्टीवर दोघांचं न बोलता एकमत असतं. भीती म्हणजे रांजणातल्या पाण्यासारखी एकच वस्तू आहे, सिनेमानं ती एक तर वाढते नाही तर कमी होते, असं दोघंही धरून चालतात.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्या विषयानं लावलेली सवय अशी, की दोन पक्ष भांडत असले की दोघांनीही गृहीत धरलेलं काय आहे, ते आधी तपासायचं. म्हणून आपण आधी विचारू, भीती ही खरंच एकच वस्तू आहे का?

आणि हा विचार हवेत करायला नको. सातारा आणि सांगली हे आपले दोन जिल्हे समोर ठेवू. भूकंप, महापूर, दरड, यात्रेतली गर्दी, उसातला साप, यातलं काहीच आपल्याला परकं नाही. खऱ्या संकटात माणसं कशी वागतात हे शिकायला आपल्याला दूर जावं लागत नाही, हे आपलं दुर्दैव म्हणा.

भय आणि भयानक

सुरुवात भरतमुनींपासून करू. नाट्यशास्त्रात ‘भय’ हा स्थायी भाव आहे आणि ‘भयानक’ हा रस आहे. दोन वेगळे शब्द कशाला? कारण भय माणसाला जगताना वाटतं, आणि रस तो प्रेक्षागृहात बसून चाखतो. हा भयानक रस कशाकशातून उभा राहतो, याची यादी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात आहे. चमत्कारिक आवाज, भूतपिशाच्चाचं दर्शन, कोल्ह्याघुबडांचं ओरडणं, ओसाड घर, अरण्य. वाचताना हसू येतं. रामसे बंधूंच्या सिनेमाला लागणाऱ्या सामानाची यादीच म्हणा ना! त्यांचा ‘दो गज जमीन के नीचे’ १९७२ साली आला, आणि तो चित्रित झाला आपल्या सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वरला. मधे किती शतकं गेली, पण सामान तेच राहिलं.

पुढे काश्मीरच्या अभिनवगुप्तानं भयानक रसाचा उलगडा करताना उदाहरण घेतलं ते शाकुंतलाच्या पहिल्या अंकातलं. दुष्यंताच्या रथापुढे जिवाच्या आकांतानं पळणारं हरीण. ते बघताना प्रेक्षकाला भीतीचा अनुभव येतो, पण ‘मी भ्यालो’ असा नाही आणि ‘ते हरीण भ्यालं’ असाही नाही. स्थळ, काळ, व्यक्ती यांची बंधनं गळून पडतात आणि नुसतं भय उरतं. यालाच साधारणीकरण म्हणतात. ‘हे माझ्यावरच आलंय’ असं प्रेक्षकाला वाटू लागलं, तर तो रसातला अडथळा, विघ्न. म्हणजे रसाची अटच अशी आहे की आपल्याला स्वतःला काही करावं लागू नये.

केंडल वॉल्टन या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९७८ साली जवळपास याच जागी बोट ठेवलं. त्याच्या उदाहरणातला चार्ल्स सिनेमा बघतोय. पडद्यावर हिरवा चिकट राक्षसी गोळा सगळं गिळत पुढे सरकतोय. चार्ल्सचे स्नायू ताठ होतात, छाती धडधडते, तो खुर्ची घट्ट धरतो. पण तो उठून पळत नाही, पोलिसांनाही बोलावत नाही. वॉल्टनचं म्हणणं, मग ही खरी भीती कशी? आपण एवढं टोकाला जायला नको, छाती तर खरीच धडधडते. पण निरीक्षण पक्कं आहे. खरी भीती पायांत उतरते, पडद्यावरची भीती खुर्चीतच बसून राहते.

तेव्हा भीतीचे तीन भाग पाडू. पहिला, अंगातली धडधड. दुसरा, भीतीचा पत्ता, म्हणजे नेमकं कशाला भ्यायचं ही समज. तिसरा, पाऊल, म्हणजे त्या क्षणी काय करायचं. आपला मूळ प्रश्न आता या तिन्ही भागांना वेगवेगळा विचारायला हवा. तिन्हींची उत्तरं एकसारखी येत नाहीत.

पहिला भाग : धडधड

इथे पोरांच्या बाजूनं थोडं बोलता येतं.

डेन्मार्कमध्ये वायले गावाजवळ एक ‘झपाटलेलं घर’ आहे. लोक तिकीट काढून घाबरायला जातात. ऑर्हुस विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथे आलेल्या ११० लोकांच्या छातीचे ठोके मोजले आणि २०२० साली निष्कर्ष मांडले. भीती अगदी कमी असली तर मजा येत नाही, फार झाली तरी येत नाही. मधल्या मापाला मजा सर्वांत जास्त. जेवणातल्या तिखटासारखंच आहे हे. माणूस जणू स्वतःच्या धडधडीशी खेळतो, ती किती सोसते हे अजमावून बघतो.

त्यातल्याच काही मंडळींनी कोल्टन स्क्रिव्हनर या संशोधकाबरोबर दुसरा अभ्यास केला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. करोनाच्या पहिल्या लाटेत ३१० लोकांना प्रश्नावली दिली होती. भीतीपटांचे शौकीन त्या काळात मनानं तुलनेनं कमी खचलेले दिसले. ज्यांना साथीचे, जग कोसळण्याचे, झाँबींचे सिनेमे आवडत, ते त्या परिस्थितीला थोडे अधिक तयारही होते.

यावरून ‘सिनेमा बघा, धीट व्हा’ असं म्हणता येईल का? नाही येत. मुळात ज्यांचं मन घट्ट असतं तेच असले सिनेमे निवडत असतील. कोंबडा आरवतो आणि सूर्य उगवतो, पण सूर्याला कोंबडा उगवत नाही. शिवाय हा अभ्यास लोकांनी स्वतःबद्दल जे सांगितलं त्यावर उभा आहे. आणि ते संकट घरात बसून काढायचं होतं. घरात बसून मन सांभाळणं वेगळं, आणि छातीएवढ्या पाण्यात म्हातारीला खांद्यावर घेणं वेगळं.

आता वडीलधाऱ्यांच्या बाजूनं. अमेरिकेत क्रिस्टन हॅरिसन आणि जोॲन कँटर यांनी सुमारे दीडशे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारलं, लहानपणी एखादा सिनेमा किंवा कार्यक्रम बघून घाबरलात का? १९९९ साली त्याचे निष्कर्ष आले. दहातल्या नऊ जणांनी हो म्हटलं, आणि चौथ्या हिश्शाच्या आसपास मुलांच्या मनात ती भीती अजून शिल्लक होती. म्हणजे ‘लहान पोरांना दाखवू नका’ हे आजीचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही.

थोडक्यात, मोठ्या माणसाला पडद्यावरच्या भीतीतून स्वतःच्या धडधडीची ओळख होऊ शकते. लहान मुलाला तीच भीती चिकटू शकते. हा झाला पहिला भाग. पण खऱ्या संकटात माणूस वाचतो की बुडतो, ते बहुतेक वेळा पुढच्या दोन भागांवर ठरतं.

दुसरा भाग : भीतीचा पत्ता

सिनेमातल्या संकटाचं एक व्याकरण असतं. संकटाला चेहरा असतो. ते अचानक झडप घालतं. आणि येण्याआधी कल्पना देतं. दार करकरतं, संगीत बदलतं, दिवा विझतो. शेकडो सिनेमे बघून हे व्याकरण आपल्या अंगात मुरतं. संकट आलं की ‘कळेलच’, असं आपण मनाशी धरून बसतो.

आता सांगलीचा पूर बघा. तो झडप घालत नाही, इंचाइंचानं चढतो. वर कोयनेचं पाणी सुटतं, ते खाली पोचायला कित्येक तास लागतात. आयर्विन पुलाजवळ पाण्याची उंची फुटांत मोजली जाते. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. आकडे रेडिओवर येतात, पेपरात येतात, मोबाईलवर येतात. एवढं सांगून-सवरून येणारं संकट दुसरं नसेल. तरी माणसं घरात थांबतात. का?

२००५ साली सांगलीत मोठा पूर आला. त्या पुरानं भिंतींवर खूण ठेवली, आणि मनातही ठेवली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढू लागलं तेव्हा कितीतरी घरांत हिशेब झाला तो असा : २००५ ला इथपर्यंत आलं होतं, म्हणजे आपली वरची खोली सुरक्षित. सामान वर चढवलं, माणसं वर चढली. पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं आणि जुनी खूण पाण्याखाली गेली. या माणसांना भीती जास्त झाली नव्हती, कमी पडली होती. अशा वेळी माणसाच्या तोंडी एक ठरलेलं वाक्य असतं, ‘नेहमीचंच आहे.’ संकटांचा अभ्यास करणारे या वाक्याला फार घाबरतात. रोजचा दिवस जसा आहे तसाच पुढे चालू राहील, असं मन धरून बसतं, आणि समोरचा पुरावा त्या साच्यात कोंबून बसवतं.

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ साली आला. त्यात पाऊस जवळजवळ थांबतच नाही. पण बाहेर पडताना आपल्याला आठवतो तो हस्तर. पाऊस कोणाच्या ध्यानात राहत नाही, तो तर नुसता वातावरणासाठी! पुढे तीनच वर्षांनी, २०२१ च्या २२ जुलैला, महाबळेश्वरात चोवीस तासांत जवळपास सहाशे मिलिमीटर पाऊस पडला, आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आले. आपल्या भागात मारेकरी तो पाऊसच होता, हस्तर कुठेच नव्हता. सिनेमात जे पार्श्वभूमीला असतं, तेच आपल्याकडे पुढे येऊन दार ठोठावतं.

यात सिनेमाचा दोष नाही बरं का. सिनेमानं पाऊस मोजायला शिकवावं असं आपण म्हणत नाही. आपण एवढंच म्हणतोय, की कशाला भ्यायचं याचा पत्ता मन गोष्टींतून गोळा करतं, आणि पडद्यावरच्या गोष्टी फार ठळक असतात. १९७५ साली ‘जॉज’ आला आणि ज्या तळ्यांत शार्क असणं शक्यच नाही तिथेही लोक उतरायला कचरू लागले. शार्क मारणाऱ्यांना चेव आला. ज्याच्या कादंबरीवरून तो सिनेमा निघाला त्या पीटर बेंचलीला याचं इतकं वाईट वाटलं की पुढे तो समुद्री जीव वाचवायच्या कामाला लागला. पत्ता चुकला की पत्र भलत्याच घरी जातं.

आपल्याकडे याचं ठसठशीत उदाहरण म्हणजे साप. ‘नागिन’ १९७६ सालचा, ‘नगीना’ १९८६ सालचा. साप डूख धरतो, इच्छाधारी होतो, पुंगीवर डोलतो, सूड घेतो. साप डूख धरतो ही समजूत सिनेमापेक्षा जुनी आहे, हे खरं. पण सिनेमानं तिला रंग दिला, संगीत दिलं, आणि ती घराघरात पोचवली. सापाला बाहेरचा कान नाही, तो पुंगीच्या हालचालीकडे बघून डोलतो. दूध हे त्याचं अन्न नाही. चेहरा लक्षात ठेवून सूड उगवण्याइतका त्याचा मेंदू नाही. खरा पत्ता कुठला? उसाचा पाला, रात्री जमिनीवर टाकलेलं अंथरूण, रचलेला कडबा, अंधारात अनवाणी पडलेलं पाऊल. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं. भीती इथे असायला हवी. ती गेली डूख धरणाऱ्या नागिणीकडे, तर बॅटरी न घेता शेतावर जाणारा माणूस निर्धास्तच राहणार.

कशाला भ्यायचं हे कळणं, यालाच जुन्या लोकांनी धैर्याचं मूळ मानलं. प्लेटोच्या ‘लाखेस’ या संवादात निकियास नावाचा सेनापती म्हणतो, की धैर्य म्हणजे कशाला भ्यावं आणि कशाला भिऊ नये याचं ज्ञान. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात सात्त्विक बुद्धीची लक्षणं सांगताना भय आणि अभय ओळखणं हे त्यात घातलं आहे. आता बघा, दोन्हीकडे ‘भिऊच नका’ असं म्हटलेलं नाही. ओळखा, असं म्हटलं आहे.

तिसरा भाग : पाऊल

पत्ता बरोबर सापडला, पुढे काय? इथे सिनेमा जवळजवळ काहीच शिकवत नाही, आणि शिकवतो तेव्हा बऱ्याचदा उलटं शिकवतो.

सापाचंच उदाहरण पुढे नेऊ. सिनेमात साप चावतो तेव्हा नायक काय करतो? जखमेला चीर देतो, तोंडानं विष ओढून थुंकतो, वर फडकं आवळून बांधतो. हे दृश्य इतक्यांदा बघितलंय की खऱ्या वेळी हात आपोआप तिकडेच जातो. आणि हे तिन्ही चूक. चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून आवळायचं नाही. चावलेला हातपाय हलू द्यायचा नाही, माणसाला धीर द्यायचा, आणि प्रतिविष जिथे मिळतं त्या दवाखान्यात शक्य तितक्या लवकर पोचवायचं. १०८ वर फोन लावला की रुग्णवाहिका मिळते.

साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर हे काम किती वर्षं करत होते हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. कायद्याला हे लिहावं लागलं, यावरून चुकीचं पाऊल किती खोल रुजलेलं असतं ते कळतं. तिथे भीती होती, पत्ताही बरोबर होता, साप खराच चावला होता. पाऊल मात्र मांत्रिकाच्या दाराकडे वळलं.

आता भूकंप. कोयनेचा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटे चारच्या सुमाराला. लोक झोपेत होते. दगडमातीच्या भिंती कोसळल्या आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. पण त्याआधीची काही वर्षं कोयनेच्या परिसरात जमीन अधूनमधून हलत होतीच. धरणात पाणी साठू लागलं तेव्हापासून हे धक्के चालू होते. लोकांना त्याची सवय झाली होती. आजही पाटणकडचा माणूस छोट्या धक्क्यानं दचकत नाही, कूस बदलून झोपतो.

पोरांच्या ‘सवय होते’ या मुद्द्याची परीक्षा इथेच होते. सवय दोन प्रकारची असते. एक म्हणजे धक्का बसतो, काही होत नाही, आणि आपण लक्ष देणं सोडतो. ही झाली बधिर होण्याची सवय. दुसरी म्हणजे धक्का बसतो आणि आपण प्रत्येक वेळी तेच पाऊल उचलतो. खाली बसतो, मजबूत टेबलाखाली जातो, डोकं झाकतो, टेबलाचा पाय धरून ठेवतो. ही तयारीची सवय. भीतीपट पहिल्या प्रकारची सवय लावतो. शंभर वेळा किंचाळी ऐकली आणि शंभर वेळा काहीच झालं नाही, तर एकशेएकाव्या वेळी मन काय शिकलेलं असेल? हेच, की किंचाळी ऐकल्यावर काही करायचं नसतं.

गर्दीचंही तसंच. सिनेमातली गर्दी किंचाळत सैरावैरा पळते. वाई तालुक्यात मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी काळूबाईच्या यात्रेत सुमारे तीनशे माणसं गेली. अशा घटनेला आपण ‘चेंगराचेंगरी’ म्हणतो आणि डोळ्यांसमोर सिनेमातली वेडीपिशी गर्दी आणतो. पण एन्रिको क्वारांटेली यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञांनी अनेक आपत्तींचा अभ्यास करून दाखवलं, की वेड्यासारखी घबराट आपण समजतो त्यापेक्षा फार विरळ असते. लोक बऱ्याचदा एकमेकांना सावरतात, हात देतात. दाट गर्दीत मरण येतं ते दाबामुळे, श्वास घ्यायला जागा न उरल्यामुळे. पुढे माणसं पडली आहेत हे मागच्यांना कळत नाही, आणि अरुंद वाटेवर दाब वाढतच जातो. ‘लोक घाबरले म्हणून मेले’ असं म्हटलं की रस्ता, पायऱ्या, येण्याजाण्याच्या वाटा यांबद्दल कोणी विचारत नाही.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी, नाही तर आजचं सगळं बोलणं अन्यायाचं होईल. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्या लोकांची बोट उलटली. कृष्णा आणि येरळा यांच्या संगमाजवळचं हे गाव. डझनाहून जास्त माणसं बुडाली, त्यांत बायका होत्या, मुलं होती. या माणसांना भीती वाटली, ती योग्य होती. पत्ता बरोबर होता, पुराचं पाणी. पाऊलही बरोबर होतं, बाहेर पडणं. कमी पडली ती बोट. अशा ठिकाणी मनाच्या तयारीवर प्रवचन देणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं आहे. संकटातलं वागणं फक्त मनातून ठरत नाही. गावात बोटी किती, जीवरक्षक जाकिटं किती, इशारा केव्हा मिळाला, यावर ते ठरतं. तत्त्वज्ञानाच्या माणसानं हे विसरता कामा नये.

गोष्ट माणसाला वाचवते तेव्हा

मग भीतीच्या गोष्टींचा काहीच उपयोग नाही का? आहे, आणि मोठा आहे. पण ती गोष्ट कशी रचलेली आहे, यावर तो ठरतो.

इंडोनेशियात सिमुलुए नावाचं बेट आहे. १९०७ साली तिथे त्सुनामीनं अनेक माणसं गेली. मागे राहिलेल्यांनी ‘स्मोंग’ या शब्दाभोवती गोष्टी आणि गाणी बांधली. आज्या नातवंडांना सांगत : जमीन जोरात हलली आणि पाठोपाठ समुद्र मागे हटला, की स्मोंग येतो, वस्तू गोळा करू नकोस, डोंगराकडे पळ. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाचं केंद्र या बेटापासून अगदी जवळ होतं. बेटावर सत्तर हजारांहून जास्त लोक राहत होते. त्सुनामीत गेले अवघे सात, असं सांगितलं जातं. शेजारच्या आचेमध्ये लाखाच्या वर माणसं गेली.

त्याच दिवशी थायलंडमध्ये फुकेतच्या किनाऱ्यावर टिली स्मिथ नावाची दहा वर्षांची इंग्रज मुलगी आईवडिलांबरोबर फिरत होती. समुद्र फेसाळलेला, विचित्र दिसत होता. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला तिला त्सुनामीची लक्षणं शिकवली होती, हवाईतल्या त्सुनामीची चित्रफीतही दाखवली होती. तिनं आईवडिलांना सांगितलं, हट्ट धरला, आणि किनारा रिकामा झाला. तिनंही पडद्यावर भयंकर दृश्यच बघितलं होतं, लक्षात घ्या. पण त्या दृश्याला खूण जोडलेली होती.

स्मोंगच्या गोष्टीत तिन्ही भाग आहेत. धडधड आहे, कारण ती भीतीचीच गोष्ट आहे. पत्ता आहे, मागे हटलेला समुद्र. आणि पाऊल आहे, डोंगर. भीतीपट पहिला भाग जोरकस देतो, दुसरा बहुधा काल्पनिक देतो, तिसरा खुर्चीत सोडून देतो. करमणूक म्हणून ते ठीकच आहे. तिला शिकवण समजलं, तर मात्र अडचण होते.

मग काय करावं?

सुरुवातीच्या भांडणाचा निवाडा आता करता येईल. भीतीपटानं मोठा माणूस भित्रा होत नाही, तसा शूरही होत नाही. स्वतःची धडधड ओळखायला थोडी मदत होते, एवढं त्याच्या पदरात घालू. लहान मुलांना वय बघून दाखवावं, आणि मूल घाबरलं तर त्याची थट्टा करू नये. मोठ्यांनी खुशाल बघावेत, रसानं बघावेत. भरतमुनींनी ज्याला रस म्हटलं त्याला आपण नाकं कशाला मुरडायची? फक्त सिनेमा संपल्यावर घरच्या मुलांशी दोन मिनिटं बोलावं. यातलं खरं काय, खोटं काय? सापानं असं केलं असतं का? तू तिथे असतास तर पहिलं काय केलं असतंस? एवढ्या प्रश्नांनी पत्ता दुरुस्त होतो आणि पाऊल सुचतं.

दुसरं, आपल्या भागाच्या भीतीच्या गोष्टी आपण सांगायला हव्यात. कोयनेच्या पहाटेची गोष्ट ज्यांनी भोगली ती माणसं आता थकली आहेत. त्यांना विचारा. पण गोष्ट ‘बाप रे, काय भयंकर’ इथे संपवू नका. भिंत कुठली पडली, कोण कशामुळे वाचलं, आज तसं झालं तर आपल्या घरात कुठे बसायचं, इथपर्यंत न्या. पुराची गोष्ट ‘२००५ ला इथपर्यंत आलं’ इथे थांबली की घात करते. तिच्यापुढे ‘आणि २०१९ ला त्याच्याही वर गेलं, म्हणून आकडा अमुक झाला की आपण निघायचं’ हे वाक्य जोडा. आकडा कोरड्या दिवसांत ठरवा. पाणी दारात असताना माणूस आकडे ठरवत नाही, तो ‘अजून बघू’ म्हणतो.

तिसरं, बोटी, रस्ते, दवाखान्यातलं प्रतिविष, डोंगराखालच्या वस्त्यांचं पुनर्वसन, हे ग्रामसभेत विचारा. हीसुद्धा भीतीची योग्य वाट आहे. एकट्यानं घाबरण्यापेक्षा गावानं मिळून वेळेवर घाबरलेलं बरं.

साताऱ्याजवळ सज्जनगडावर समर्थ रामदासांनी अखेरचे दिवस काढले. लग्नाच्या मंडपात ‘सावधान’ हा शब्द ऐकला आणि ते उठून निघाले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कथेची ऐतिहासिक बाजू बाजूला ठेवू. तो शब्द त्या मंडपात सगळ्यांनीच ऐकला होता, पण एकाच माणसानं त्याचा अर्थ पायापर्यंत नेला. दासबोधात समर्थ सावधपणावर पुन्हा पुन्हा येतात. सावध माणसाला भीती वाटत नाही असं नाही. आपली भीती कुठे ठेवायची आणि ती वाटल्यावर कुठे जायचं, हे त्यानं आधीच ठरवलेलं असतं.

इथे थांबू. आज घरी गेल्यावर एवढं करा : पाणी किती फुटांवर गेलं की निघायचं, निघायचं तर कुणाकडे जायचं, आणि बरोबर काय घ्यायचं, हे तीन ओळींत कागदावर लिहून दाराच्या मागे लावा. डोंगराखाली राहत असाल, तर पुराच्या जागी दरड धरून हेच तीन प्रश्न सोडवा. त्यानंतर भुताचा सिनेमा लावलात तरी आमची काही हरकत नाही.